नारळावरचा हात

माझ्या आतेचा आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला जायचा. हे मी कौतुकाने सांगत नाही. शेजाऱ्यांना त्याचा वैतागच होता. पलीकडच्या काठाला होडीवाला आपल्या घरी जेवायला बसलेला असे आणि आते तरीवर, म्हणजे होडी लागते तिथे, कमरेवर हात ठेवून असा कुकारा घाली, की बिचारा पानावरून उठून वल्हं उचली. कुकारा म्हणजे आमच्याकडे लांबच्या माणसाला घातलेली हाक. नाव घ्यायचं नाही, नुसता सूर लांबवायचा. ज्याचा त्याचा कुकारा वेगळा असतो आणि आतेचा तर दोन्ही काठांच्या गुरांनाही ओळखीचा होता.

म्हणून त्या दिवशी ती माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजली, तेव्हाच मी ओळखलं, इथे काहीतरी बिनसलंय.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही रत्नागिरीचे म्हणवत होतो. आतेला मूलबाळ नव्हतं. नवरा मचव्यावर खलाशी, तो समुद्रातच गेला. घर दिरांच्या मुलांकडे गेलं. माझे वडील मुंबईला गिरणीत, सगळं बिऱ्हाड एका खोलीत. मी मालवणात मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि एका घराच्या पडवीत भाड्याने राहत होते. आतेने कोणाला न विचारता स्वतःच ठरवलं, की आपण आश्रमात जायचं.

आश्रम खाडीपलीकडच्या गावात होता. मुंबईत नशीब काढलेल्या आमच्याकडच्याच एका शेटनी तो आपल्या आईच्या नावाने निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी बांधला होता. चिऱ्यांची लांबलचक इमारत, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, तुळस, मागे सुरूची झाडं. आश्रम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. पांढरं स्वच्छ पातळ, मऊ बोलणं, तोंडात सतत देवाचं नाव. लोक म्हणायचे, इथे स्वतःच्या सासूचं कोणी करत नाही आणि ही परक्यांचं करते. मीही तेच म्हणत होते.

गणपतीची सुटी संपल्यावर मी आतेला भेटायला गेले. तिच्या आवडीचं आल्याचं खाजं नेलं होतं. त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिची नजर माझ्या हातातल्या फिरकीच्या तांब्यावर होती.

"पाणी आसा?" तिने विचारलं.

मी तांब्या दिला. तिने श्वास न घेता अर्धा रिकामा केला. मग शेजारच्या खाटेवरच्या आंधळ्या म्हातारीचं डोकं एका हाताने उचलून उरलेलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. एक थेंब सांडला, तो त्या म्हातारीने हनुवटीवरून बोटाने पुसून जिभेला लावला.

"आते, हयसर पाणी नाय काय?"

"हळू बोल गो," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "दुपारनंतर मिळणा नाय. अंथरुणां भिजतत म्हणान."

तांब्या परत देताना तिचा पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक वळ उठलेले होते, एकमेकांना लागून. काही जुने, काळे पडलेले. काही लाल. मी हात धरला, तर तिने झटक्यात काढून घेतला.

"पायरेर पडलंय," ती म्हणाली.

पायरीवर पडून असे वळ उठत नाहीत. माडाच्या हिरांची केरसुणी आमच्या प्रत्येक घराच्या कोपऱ्यात उभी असते. ती अंगावर बसली की काय दिसतं, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी तडक उठले आणि अक्कांच्या खोलीत गेले.

अक्का वाती वळत होत्या. मी वळांचं विचारलं. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "वय झालं की तोल राहत नाही हो. पडतात, आपटतात, आणि मग विसरतात. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं?" मग वात निरांजनात ठेवत म्हणाल्या, "आणि इतका जीव तुटत असेल, तर घेऊन जा ना तुमच्याकडे. मी कुठे अडवलंय?"

या वाक्यापुढे भलेभले गप्प बसत असणार. आपल्या म्हाताऱ्या माणसाला आश्रमात ठेवलं, ही बोच प्रत्येकाच्या मनात असतेच. अक्कांना ती बरोबर ठाऊक होती. मला मात्र संताप आला. मी परत आतेपाशी गेले आणि म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता चल. पडवीत दोघी ऱ्हवया."

आते नाही म्हणाली. मी हात जोडले, रागावले, पुन्हा हात जोडले. तिचं एकच, "माका न्हेव नको." खाटेची कड तिने अशी घट्ट धरली होती, जणू मीच तिला मारायला आले होते.

गावात आश्रमाची एक कमिटी होती आणि तिचे प्रमुख एक वकील होते. माणूस भला. त्यांनी मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुरावा?" मी म्हटलं, आतेचे हात. ते म्हणाले, "त्याच सांगतायत ना, पडले म्हणून?" तरी त्यांनी चौकशी करायचं कबूल केलं. मला जरा धीर आला. तो टिकला नाही.

वकिलांना चौकशीची एक युक्ती सुचली होती आणि तिच्यावर ते फार खूश होते. कोर्टात ग्रंथावर हात ठेवतात, आपल्या माणसांना देवाचा नारळ पुरे, असं त्यांचं म्हणणं. ग्रामदेवतेपुढचा नारळ आणला गेला. सगळ्या म्हाताऱ्यांना खळ्यात रांगेत बसवलं. आणि नारळाचं ताट घेऊन रांगेतून फिरलं कोण? अक्का! कमिटीतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी वकिलांच्या कानाशी लागले, तर त्यांनी मलाच हाताने थोपवलं.

"नारळावर हात ठेवून सांगा, इथे तुम्हाला काही त्रास आहे का?" वकील प्रत्येकीला शुद्ध मराठीत विचारत होते. अक्का ताट धरून समोर वाकायच्या, अगदी तोंडासमोर तोंड यायचं. एकेक सुरकुतलेला हात नारळावर टेकत होता. नाय. नाय. बरा आसा. आंधळ्या म्हातारीचा हात तर अक्कांनी स्वतःच उचलून नारळावर ठेवला. आतेची पाळी आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग नारळाकडे. मग हात टेकवला.

"माका हयसर कसलो तरास नाय," ती म्हणाली.

झालं. वकिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बघा बाई, तुमच्या आतेनेच तुम्हाला खोटं पाडलं." चार दिवसांत गोष्ट शाळेपर्यंत पोचली. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, फार थकवा येतो का, झोप लागते का. आश्रमात नवा नियम झाला: भेट फक्त रविवारी, तीही पडवीत, अक्कांच्या देखत. मी सगळं गिळलं, पण रविवार एकही चुकवला नाही.

त्या रविवारांत मी आतेला वाळताना पाहिलं. गालफडं बसली, मनगटं काडीसारखी झाली. अक्का समोर बसून जप करायच्या आणि आते मला विचारायची, पाऊस कसो आसा, बापूस कसो आसा. मला वाटे, आपण केलेल्या तक्रारीचं हे फळ. पाणी बंद होतं, आता अन्नही तोडलं असेल.

एका रविवारी विहिरीवर पोहरा तुटला आणि कामवाली ओरडली, तशा अक्का उठून मागे गेल्या. आते आत लुगडं बदलत होती. पडवीत टेकून बसलेल्या आंधळ्या म्हातारीने चाचपत माझा पदर धरला.

"तू तिची भाची मा?" ती भराभर बोलू लागली. "ती जेवणा नाय गो. नारळार हात ठेवल्यान तेच्यापासना ताट फुड्यात घेवन बसता, दोन घास खाता आणि तसाच ठेवता. देवाफुडे खोटा बोललंय, म्हणता, आता अन्न गोड कसा लागात?"

"खोटा कित्याक बोलली ती?"

"माझ्यासाठी गो बाय! माझा अंथरूण भिजता. माझ्या आंगार येतला ता ती आडवी येवन आपल्या हातार घेता. ती गेली तर माका कोण आसा?"

माझ्या डोळ्यांपुढून खाटेची कड घट्ट धरलेली ती बोटं गेली. मी तिला न्यायला आले होते आणि ती कोणाला तरी सोडून यायला तयार नव्हती. मला तिचा राग आला होता, याची मला लाज वाटली, आणि अक्कांचा तर संतापच आला.

आते बाहेर आली. विहिरीकडून अक्कांचा आवाज अजून येत होता. मी तिचे खांदे धरले. "आते, माका सगळा कळला. वकिलाक सांग. मी तुझ्यावांगडा ऱ्हवतंय."

तिने मान हलवली. "देवाफुडे बोललला वकिलाफुडे कसा फिरवतलंय? देवाफुडेच फिरवूक व्हया."

मी कपाळावर हात मारला. खोटी शपथ घ्यायला लावणारा वकील, ती घेतली म्हणून उपाशी मरणारी माझी आते, आणि मध्ये एक नारळ! मी तिला म्हटलं, अगो, धमकावून घेतलेली शपथ ती कसली शपथ? देव काय एवढा अडाणी आसा? ती ऐकेना. मग अक्कांच्या पावलांचा आवाज आला, तसं तिने घाईघाईने एवढंच विचारलं, "शेट कधी येतत?"

शेट दरवर्षी कार्तिकात आगबोटीने यायचे. आश्रमाचा वाढदिवस व्हायचा. गावकार, म्हणजे गावाचा मानकरी, येऊन खळ्यात गाऱ्हाणं घालायचा. तिने हे का विचारलं, ते मला त्या क्षणी उमगलं. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावादेखत देवाशी बोलणं. तिला तिथे उभं राहायचं होतं. तोवर ती टिकेल का, हीच धास्ती मला त्या दिवसापासून लागून राहिली. वकिलांना सांगितलं तर ते अक्कांनाच विचारायला जाणार, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

आश्रमाच्या वाढदिवशी खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेट खुर्चीवर, वकील शेजारी, पुढे पेटलेली समई, गाव दाटीवाटीने उभं. म्हाताऱ्या नव्या लुगड्यांत रांगेने बसलेल्या. मी रांग पाहिली, पुन्हा पाहिली. आते नव्हती. आंधळी म्हातारीही नव्हती. अक्का पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "दोघींना बरं नाही. म्हटलं, पडू दे आरामात." त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

मी काही बोलणार, एवढ्यात गावकाराने डोक्याला मुंडासं बांधलं. खाडीकाठचा म्हातारा, आवाज खणखणीत. गाऱ्हाणं सुरू झाल्यावर मध्ये बोलायची कोणाची प्राज्ञा नसते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सारं खळं एका आवाजात म्हणालं.

"आज ह्या घरची लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हयसर जी माउली सगळ्यांची सेवा करता, तिका सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी ओठ मिटून उभी राहिले. एवढंच माझ्या हातात होतं. आता दोन वाक्यांत गाऱ्हाणं संपेल, पेढे वाटले जातील, शेट बोटीवर चढतील आणि पुढचा कार्तिक आतेला दिसणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"कोणाकडना काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल, म्हाराजा!"

'व्हय' म्हणायला लोकांनी तोंडं उघडली, आणि आश्रमाच्या आतून कुकारा आला.

लांब, चिरका, मध्येच फाटलेला. पण तोच. सुरूच्या झाडावरचे कावळे उडाले. महिनोन्महिने कुजबुजणाऱ्या त्या गळ्यात तो कुठे शिल्लक होता, देव जाणे. माझे डोळे भरून आले.

गावकाराने वर केलेला हात तसाच राहिला. "ह्यो कुकारो तर आमच्या तरीवरच्या बायचो. खंय आसा ती?"

"तिची तब्येत बरी नाही, भ्रमिष्टासारखं करते," अक्का गोड हसून म्हणाल्या. "तुम्ही चालू द्या."

"गाऱ्हाण्यात कोण आडवा इला तर म्होरां जावक येणा नाय. तिका भायर हाडा."

"आतून कडी लावली असेल तिने."

मी धावत गेले आणि दाराला बाहेरून असलेलं कुलूप हातात धरून सगळ्यांना दिसेल असं हलवलं. मग वकील उठले. त्यांचा चेहरा पडला होता. अक्कांपुढे हात पसरून ते म्हणाले, "किल्ली द्या."

आते बाहेर आली ती आंधळ्या म्हातारीचा हात धरून. चालताना दोघी एकमेकींना सावरत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, अक्कांकडे तर नाहीच. समईपुढे जाऊन उभी राहिली.

"गावकारानू, चुकला-माकला म्हणा नको," ती म्हणाली. आवाज बसला होता, पण शेवटच्या माणसाला ऐकू जात होता. "माझा चुकलला नाय, मी जाणान केलला आसा. देवाच्या नारळार हात ठेवन मी खोटा बोललंय."

"काय खोटा बोललंस?"

"म्हटलंय, माका हयसर तरास नाय." तिने पदर मागे टाकला आणि दोन्ही हात समईच्या उजेडात धरले. "तरास आसा."

आंधळी म्हातारी म्हणाली, "मीय खोटा बोललंय." रांगेतली एक उठली, मग दुसरी, मग सगळ्याच. कोणी पाठ दाखवली, कोणी पोटऱ्या. एकीनेही अक्कांचं नाव घेतलं नाही. त्या तक्रार करतच नव्हत्या. आपापलं खोटं परत घेत होत्या. अक्का म्हणाल्या, "मी यांच्यासाठी..." पेढ्यांचं ताट हातात तसंच होतं.

शेटनी उठून पहिली गोष्ट केली ती म्हणजे प्रत्येक खाटेशी पाण्याचं मडकं ठेवायला लावलं. मी आतेला मिठी मारली. हाडंच लागली हाताला. मला वाटलं, संपलं. पण गावकाराने घसा खाकरला. देवाची खोटी आण घेतली, त्याला दंड आहे, म्हणाला. मी भर खळ्यात ओरडले, "दंड? ह्यांका?" तो म्हातारा खाली बघत म्हणाला, "मी घालणा नाय गो बाय. रीत घालता." मग प्रत्येकीने देवळापर्यंत चालत जाऊन आपल्या हाताने एक नारळ ठेवायचा ठरलं. त्या गेल्या. आते पुढे, तिचा पदर धरून आंधळी म्हातारी, मागे बाकीच्या, छातीशी एकेक नारळ धरून. परत आल्यावर आते पोटभर जेवली.

अक्कांचं काय झालं? काही नाही. बोभाटा नको, असं कमिटीचं ठरलं. प्रकृतीच्या कारणाने त्या निवृत्त होत आहेत, असं सांगण्यात आलं. निरोपाच्या दिवशी वकिलांनी पडक्या आवाजात दोन शब्द बोलून त्यांच्या हातात शाल दिली. आणि रीतीप्रमाणे नारळ.

आंधळी म्हातारी असेपर्यंत आते तिथेच राहिली. नंतर माझ्याकडे आली. माझ्या मनातून मात्र ते जात नव्हतं. एकदा सोलकढीसाठी नारळ फोडता फोडता मी उखडलेच. "मार खाल्लंस तू, दंड भरलंस तू. जिना मारल्यान तिका नारळ दिवन पाठवल्यानी. ह्यो खंयचो न्याय?"

आते तांब्या तोंडाला लावून पाणी पीत होती. सावकाश प्याली, तोंड पुसलं.

"तिका माणसांनी सोडल्यानी," ती म्हणाली. "माका देवान सोडल्यान. तू फोड तो नारळ."

मी नारळ फोडला. पण मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. नारळ फोडताना अजून माझा कोयता हवा त्यापेक्षा जोरात बसतो.